पुढच्या डाव्या चाकाचं माप

चारठाण्याच्या पुढं रस्ता जरा उतरतो
तिथं पहिल्यांदा ऐकू आलं.
दाणे संपल्यावर जातं रिकामं बोलतं, तसं.
मागं खोक्यांत बांगड्या किणकिणत होत्या
बोरीच्या बाजारासाठी,
पण हा आवाज काचेचा नव्हता.

म्हणलं टायर असेल. म्हणलं वारा असेल.
चाळीसच्या वर गेलं की यायचा,
उजवीकडं वळलं की वाढायचा,
डावीकडं वळलं की गप्प.
ज्याच्यावर भार पडतो तोच बोलतो,
घरात तरी दुसरं काय असतं.

गौस मिस्त्रीनं जॅक लावला,
चाक वर-खाली धरून हलवलं. खट् खट्.
मग पेचकसाचं टोक लोखंडाला, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकत बसला
अवघडलेल्या बाईजवळ सुईण बसते तसा.
"गया मावशी. कबका गया.
तुमारी गाडी शरीफ हाय, बोली नै."

निघालेल्या बेअरिंगवरचा नंबर झिजलेला.
शेवटचे दोन आकडे, त्यातला एक आठ की तीन.
ह्यांना पाठ होता. सात वर्षं झाली,
जीप राहिली, नंबर गेला.

परभणीला, बाहेतींच्या दुकानात
पोरानं काउंटरवर तीन मांडली.
एक कंपनीचं, तेलकट कागदात, साडेअकराशे.
एक तसल्याच खोक्यात, तोच निळा रंग,
नावात फक्त एक अक्षर कमी. चारशे.
तिसऱ्याला खोकंच नाही,
भंगारातल्या जीपचं, रॉकेलनं धुतलेलं.
"काकू, असलं पोलाद आता येत नाही." अडीचशे.

त्यानं मापायला व्हर्नियर काढला. म्हणलं थांब.
तीस वर्षं बायांचे हात बघतेय,
दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ,
बाई समोर बसायच्या आत सांगते.
कड्यात बोट फिरवलं.
निळ्या खोक्यातलं केसभर ढिलं होतं.
व्हर्नियरनंही तेच सांगितलं, जरा उशिरा.

टिचकीही मारून बघितली, सवयच ती.
चिरकी बांगडी टिचकीला लगेच कबूल होते.
हे मात्र छान वाजलं, लांब, देवळातल्यासारखं.
पोलादाला खोटं बोलता येतं,
काचेला येत नाही.

भंगारातलं तळहातावर फिरवलं.
गुळगुळीत, गुळगुळीत, आणि एका जागी
दाताखाली खडा यावा तसं अडलं.
ठेवून दिलं. वाईट वाटलं जरा,
त्याचंही कुणी नीट ग्रीस भरलं असेल एकेकाळी.

पिशवीत चौदाशे, त्यातले सहाशे व्यापाऱ्याचे.
कंपनीचंच घेतलं.
शहाणपण म्हणून नाही,
बोरीहून परतताना आठ वाजतात
आणि मधल्या पुलावर कुणी थांबत नाही.

गौसनं हातोडा उचलला तशी ओरडले.
अरे, बांगडी अशी चढवतात का?
तेल लाव, दमानं घे, चहूबाजूनं सरकव.
"बेअरिंगला अंगठा नसतो मावशी," म्हणला,
पण लाकडाचा तुकडा मधे धरला
आणि गोल गोल, हळूहळू टोकत बसवलं.

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढवली म्हणतात.
बेअरिंगसाठी असा शब्द कुणी केला नाही.
गेलं म्हणतात. सरळ. माणसासारखं.

उताराला आले तेव्हा काच खाली केली.
काही नाही. बांगड्या तेवढ्या.
मग उजवीकडून, फार बारीक,
का मलाच आता सवय लागलीय?
मिस्त्री म्हणला होता, दोन्ही बाजू बदला.
पुढच्या महिन्यात बघू.

जुन्याचं बाहेरचं कडं टपात टाकलेलं.
बाजारात एका पोरीनं उचललं,
"ही केवढ्याला?"
आणि मी बोलायच्या आत हातात चढवलंही.
दोन-दोन. बरोबर बसलं.
काढलं तेव्हा मनगटाला काळी रेघ होती,
पदरानं पुसली तरी जाईना.